कॉन डिलाहंटचे हरणकातडी हातमोजे

आमच्या टॅनर्स क्रीकच्या नगरभवनात सात महापौरांची तैलचित्रे लागली आहेत. त्यांतील काहींनी गावासाठी नेमके काय केले, हे त्यांच्या वारसांनाही सांगता येणार नाही. कॉर्नेलियस डिलाहंटसाठी मात्र त्या भिंतीवर साधा खिळाही नाही. अर्ज करून करून मी थकलो, म्हणून हे लिहितो.

कॉन हिवाळ्यात हातमोज्यांच्या कारखान्यात कातडे कापी आणि उन्हाळ्यात पगारावर बेसबॉल खेळे. फलंदाजाच्या मागे उभे राहून उघड्या हातांनी चेंडू झेलणे, हे त्याचे काम. १८८१च्या वसंतात त्याच्या डाव्या हाताचे मधले बोट दुसऱ्यांदा मोडले. आणखी एक बोट गेले तर युटिकाहून दुसरा माणूस आणू, असे संघाचे व्यवस्थापक व्होरहीस यांनी त्याला बजावले. बोटे गेली की कात्रीही सुटणार होती. म्हणजे उन्हाळ्याबरोबर हिवाळाही बुडणार होता.

आमचे अख्खे गाव हातमोजे शिवून जगते. तरीही मैदानावर हातमोजा घालणे हा भित्रेपणा, अशी याच गावाची ठाम समजूत. ही विसंगती मी नगरसभेत मांडली, तेव्हा मला खाली बसवण्यात आले.

कॉनची बायको ऑनोरा घरीच शिवणकाम करी. तिने हरणाच्या कातड्याचा जोड बेतला, बोटांची टोके उघडी ठेवली आणि तळव्याला आतून जाड लोकरीचा नमदा लावला. लोक हसतील म्हणून कॉन तो घालेना.

"हसू देत की," ती म्हणाली. "लोकांच्या हसण्यानं बोटं मोडत नाहीत. चेंडूनं मोडतात."

शनिवारी जॉन्सव्हिलशी सामना होता. हातमोजे पाहताच कारखान्यातल्या कातडे कापणाऱ्यांच्या बाकांवर हशा उसळला. कारखान्यात कॉनच्या शेजारी बसणारा म्हातारा टटल सर्वांत पुढे.

"काय गं कॉनाबाई, चर्चला निघालीस वाटतं? छत्री विसरलीस की."

व्होरहीस तावातावाने मैदानात आले आणि हातमोजे काढण्यास सांगू लागले.

"काढतो," कॉन म्हणाला. "मग चेंडू हळू टाकायला सांगा. नाहीतर तुम्ही उभे राहा इथं."

व्होरहीस आपल्या खुर्चीकडे परतले. आमचा चेंडू टाकणारा मॅकगर्क कॉनच्या मोडक्या बोटाची दया येऊन सारा वसंत हात आखडून टाकत होता. त्या दिवशी त्याने प्रथमच सारे बळ लावले. जॉन्सव्हिलचे फलंदाज हवेत बॅट फिरवत राहिले आणि सामना आम्ही जिंकला. टटलने टाळी वाजवली नाही, पण तोंड मिटून घेतले. टटलच्या बाबतीत तेही पुष्कळच. युटिकाचे नाव पुन्हा निघाले नाही. कॉन पुढे कित्येक उन्हाळे त्याच जागी उभा राहिला आणि दर हिवाळ्यात कात्रीवर परतला.

सामन्याच्या त्याच संध्याकाळी जॉन्सव्हिलचा झेलणारा डिलाहंटांच्या दाराशी आला. तो भांडायला आला असावा, असे वाटून कॉन उठला. पाहुण्याने फक्त आपला सुजलेला हात पुढे केला.

"वहिनी, मलाही एक जोड शिवाल? आमच्या गावात मात्र बोलू नका."

ऑनोराने त्याचा हात टेबलावर ठेवून घेतला आणि खडूने भोवती रेघ ओढायला घेतली. कॉन वाकून पाहत होता.

"अंगठ्याशी ऐसपैस ठेव गं," तो म्हणाला. "पहिला मार तिथंच बसतो."