उलट्या पिळाचा जोड

माझ्या सासऱ्यांना गल्लीत सगळे 'पदकवाले' म्हणत, आणि त्यांना ते मुळीच आवडत नसे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, केवढा हा विनय. पुढे भिंतीतल्या खिळ्यापासून दारावरच्या घंटीपर्यंत सगळ्यात त्यांनी माझ्या चुका काढल्या, तेव्हा कळलं की विनय वगैरे काही नाही, माणूसच तिरसट आहे.

सैन्यात ते टेलिफोनच्या तारांवर होते. लढाईत तार तुटली की ती माग काढत शोधायची, तुटलेली टोकं सोलून एकमेकांत पिळायची, वर पट्टी गुंडाळायची आणि परत यायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही त्यांनी टेलिफोन खात्यात तेच केलं, आणि घरी बसल्यावर माझ्या संसारावर तोच प्रयोग चालू ठेवला. आमच्याकडे वायर तुटली तर नवी आणायची सोय नव्हती. इस्त्री, पंखा, मिक्सर, सगळ्यांच्या वायरींना त्यांच्या हातचे जोड होते, आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढला तरी त्यातला एकही सुटला नसता.

बाहेरच्या खोलीत फ्रेममध्ये त्यांचं शौर्यपदक होतं. तोफगोळे पडत असताना एकट्याने जाऊन तुटलेली तार जोडली, म्हणून मिळालेलं. शेजारी एक फोटो होता. त्यात ते त्यांच्या जुन्या तुकडीच्या वार्षिक मेळाव्यात एका काचेच्या कपाटाजवळ उभे होते. कपाटात वीतभर तारेचा तुकडा होता, त्यात पट्टी सोडवून उघडा ठेवलेला तो जोड, आणि खाली पितळी पट्टीवर सासऱ्यांचं नाव. फोटोत त्यांनी कपाटाकडे पाठ केली होती. माझा नवरा ह्या फ्रेमखाली लहानाचा मोठा झाला. शाळेत 'माझे वडील' असा निबंध आला की त्याचं पहिलं वाक्य तयारच असायचं.

एका सकाळी अकराच्या सुमारास दारात एक सत्तरीची बाई उभी राहिली. काठी, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाली, "मी डावऱ्याची बहीण."

सासरे ताडकन उठले. हा माणूस कोणासाठी उठलेला मी तोवर पाहिला नव्हता. डावरा म्हणजे त्यांचा तुकडीतला दोस्त. डावखुरा, म्हणून डावरा. तो त्या लढाईत गेला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

बाई बसल्या नाहीत. पिशवीतून एक पत्र काढून त्यांनी सासऱ्यांच्या हातात दिलं. त्यांच्या गावच्या चौकात लढाईत गेलेल्यांची नावं दगडावर कोरणार होते. त्यांनी भावासाठी अर्ज केला होता आणि उत्तर आलं होतं की नाव कोरता येणार नाही. सैन्याच्या नोंदीप्रमाणे मृत्यूच्या वेळी हा जवान नेमून दिलेली जागा सोडून गेला होता.

"तुम्ही त्याच्याबरोबर होतात," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ पळून चालला होता का?"

सासऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग बल्ब गेला हे सांगावं तशा आवाजात म्हणाले, "तो पळाला नाही. ती तार त्याने जोडली. पदक त्याचं आहे."

मी बाईंसाठी पाणी घेऊन आले होते. तांब्या हातात तसाच राहिला.

उभ्या उभ्याच सासऱ्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी तारेवर जायची पाळी त्यांची होती आणि डावऱ्याची पाळी बोर्डावर, म्हणजे सगळ्या तारा जिथे येऊन मिळत त्या पेटीपाशी. सासऱ्यांचा पाय बुटात सुजून भोपळा झाला होता. दुपारी तार तुटली. डावरा म्हणाला, तू बस, मी जातो. कोणाला विचारायला वेळ नव्हता. त्याने तार जोडली, आणि परतताना उतारावर त्याच्याजवळ गोळा पडला. पाळीच्या कागदावर मात्र नावं होती तशीच राहिली. कागदाप्रमाणे तार जोडली सासऱ्यांनी, आणि डावरा बोर्ड सोडून उतारावर सापडला. दुसऱ्या सकाळी सासरे लंगडत साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, अहवाल वर गेलाय. न विचारता पाळी बदलणं हा गुन्हा आहे, मेलेल्याला बट्टा लावू नकोस. लढाईत गेला एवढंच लिहिलं जाईल.

"मी ते खरं मानलं," सासरे म्हणाले. "आणि पदक कोणाला नको असतं?"

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की तोंडच्या शब्दांवर त्यांचा आता विश्वास नाही, सासऱ्यांच्या तोंडाला एक्केचाळीस वर्षं कुलूप होतं. सासरे म्हणाले, "त्याचं शेवटचं बोलणं माझ्याशी झालंय. ते तरी ऐका."

"आधी कागद बदलून आणा. मग ऐकते."

पाण्याला हात न लावता त्या गेल्या. सासऱ्यांनी फ्रेम भिंतीवरून काढली, पदक रुमालात बांधलं आणि मला म्हणाले, "सूनबाई, तुला टायपिंग येतं ना? बस."

माझा नवरा संध्याकाळी आला आणि भिंतीवरचा रिकामा चौकोन बघून हबकला. त्याचं म्हणणं, ती बाई दुःखात बोलली, डावऱ्याच्या नावाचं काय ते करू, पण स्वतःचं पदक नाकारायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. लोक काय म्हणतील, एक्केचाळीस वर्षं खोटं मिरवलं? सासरे म्हणाले, "तेच म्हणतील. आणि बरोबर म्हणतील." त्यानंतर बापलेकांचं बोलणं बंद झालं. मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत मागायचे. मी वैतागून एकदा मिठाची बरणीच दोघांच्या मधोमध ठेवली.

रेकॉर्ड ऑफिस हे एक लांबलचक खोली आणि चार खिडक्या. तीन बंद, चौथीसमोर रांग. दुरुस्तीच्या अर्जात 'नोंदवायचे राहून गेलेले पदक' असा रकाना होता. नोंदलेलं पदक काढून टाकायचा रकाना कुठेच नव्हता. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि समजुतीने म्हणाला की आजोबा, इथे सगळे वाढवून घ्यायला येतात. सासऱ्यांनी माझ्या हातून पेन घेतलं, पट्टी नसताना सरळ रेघ मारून एक नवा रकाना आखला, वर 'चुकीने दिलेले पदक' असं लिहिलं आणि अर्ज पुन्हा आत सरकवला.

मग पत्रं सुरू झाली. पहिलं, मुदत संपली आहे. दुसरं, मयत जवानाच्या नोंदीबाबत संबंधित जवानाने स्वतः अर्ज करावा. हे वाचून मी हसत सुटले. सासरे हसले नाहीत. त्यांनी मला उत्तर सांगितलं, 'संबंधित जवान आपल्या नोंदीप्रमाणेच मयत आहे, तरी त्यास आपणच बोलावून घ्यावे.' मी म्हटलं, बाबा, हे पाठवलं तर ते आपल्याला बोलावतील. ते म्हणाले, मग पाठव. तिसरं पत्र, अर्जदाराची तक्रार नक्की काय आहे ते समजत नाही. दीड वर्ष हे असं पालथ्या घड्यावर पाणी चाललं होतं. प्रत्येक नकारानंतर सासऱ्यांना जास्त भूक लागायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमच्याकडे तर सुंभ जळायलाही तयार नव्हता.

शेवटी जे पत्र आलं त्याने मात्र मी खचले. अर्जदाराचं स्वतःचं म्हणणं हा पुरावा नव्हे, त्या दिवशीचा साक्षीदार आणावा. साहेब वारले होते. तुकडीतले बाकीचे कोणी वारलेले, कोणाला स्वतःचं नावही आठवेना. मी म्हटलं, बाबा, आता संपलं. आणि मला रडू आलं. कधी नव्हे ते मला त्या तिरसट माणसाबद्दल इतकं वाईट वाटलं, आणि त्या ऑफिसचा इतका राग आला, की मी टाइपरायटरवर हात आपटला.

त्यांनी भिंतीवरचा तो मेळाव्यातला फोटो काढला, पुसला आणि भिंग माझ्या हातात दिलं. "कपाटातला तो जोड बघ. पीळ कुठल्या अंगाला गेलाय? आता तुझी इस्त्री आण."

जोडावरची पट्टी सोडवून मी इस्त्रीची वायर फोटोशेजारी धरली. इस्त्रीचा पीळ उजव्या अंगाला चढत गेला होता, फोटोतला डाव्या. पंख्याची वायर पाहिली, मिक्सरची पाहिली, घंटीचीही. सगळे उजवे.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या मेळाव्यापासून," ते म्हणाले. "म्हणून तर तिकडे पाठ करून उभा राहायचो."

साक्षीदार म्हणून तो जोडच तपासा, असं मी त्याच दिवशी टाइप केलं, आणि वर्षभराने सुनावणीची तारीख आली. सुनावणीच्या सकाळी मी उठले तर माझा नवरा टेबलाशी उभा राहून वडिलांच्या कोटाला इस्त्री करत होता. कोट त्यांच्या खुर्चीवर ठेवला आणि कामावर गेला.

सुनावणीच्या खोलीत तीन माणसं होती, मधले अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे निवृत्त अधिकारी. आम्ही मागणी करकरून तुकडीकडून तो तारेचा तुकडा मागवून घ्यायला लावला होता. तो टेबलावर एका कापडावर ठेवला होता. सासऱ्यांनी खिशातून पक्कड आणि जुन्या तारेचे दोन तुकडे काढले. पहिल्यांदा पक्कड सुटून खाली पडली. मी उचलायला वाकले तर त्यांनी मला डोळ्यांनीच थांबवलं. स्वतः वाकले, उचलली, टोकं सोलली आणि पिळू लागले. दोन मिनिटांत जोड तयार झाला. तो त्यांनी जुन्याच्या शेजारी ठेवला. आंधळ्यालाही बोटाने कळलं असतं.

अध्यक्षांनी दोन्ही उचलून पाहिले. म्हणाले, तेव्हा तुम्ही मुद्दाम उलटा पीळ दिला असेल.

"साहेब, गोळे पडत असताना माणूस हात बदलून बघत नाही."

तिघे एकमेकांशी बराच वेळ कुजबुजले. मग अध्यक्ष मवाळ झाले. मार्ग काढू, म्हणाले. डावऱ्याच्या नोंदीत 'कर्तव्यावर असताना मृत्यू' असं घालू, गावच्या दगडावर नाव येईल. तुमचं पदक राहू दे, ह्या वयात तुमच्या नावाला धक्का नको. मला तर हायसं वाटलं. बाईंचं काम झालं, घरातली शांतता परत येईल. मी सासऱ्यांचा कोट हळूच ओढला.

त्यांनी माझा हात झटकला. "तार एक होती, जोड एक होता. मग जोडणारे दोन कसे?"

अध्यक्ष म्हणाले की पदक काढायचं तर कारण लिहावं लागेल. परवानगीशिवाय पाळी बदलली, आणि ती लपवली. हे कायमचं नोंदीत राहील.

"लिहा ना. खरंच आहे ते. एवढी वर्षं माझ्या कागदावर एक तरी खरी ओळ आहे का?"

तिघांपैकी एकाने वहीत मान घातली. अध्यक्षांनी शेवटी एवढंच विचारलं की डावऱ्याने तार जोडली हे तुम्हाला बोर्डावर बसून कसं कळलं. सासरे म्हणाले, जोडल्यावर त्याने तारेवरून फोन केला. काय म्हणाला, असं अध्यक्षांनी विचारलं.

"ते त्याच्या बहिणीचं आहे. तुमच्या कागदाला लागत नाही."

चार महिन्यांनी निकाल आला. दोन पानं. पहिल्यावर डावऱ्याचं, तार त्याने जोडली, पदक त्याला, मृत्यू कामगिरीवरून परतताना. दुसऱ्यावर सासऱ्यांचं, पदक रद्द, विनापरवानगी पाळीबदल, त्या दिवशी बोर्डावर हजर. दुसरं पान त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "बोर्डावर हजर," असं स्वतःशी म्हणाले. रुमालातलं पदक त्यांनी त्याच दिवशी रेकॉर्ड ऑफिसात नेऊन दिलं आणि पावती घेतली. संध्याकाळी माझ्या नवऱ्याने ते दुसरं पान जुन्या फ्रेममध्ये बसवलं आणि त्याच खिळ्याला टांगलं. "सरळ लागलंय का, बाबा?" त्याने विचारलं. तीन वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य. "डावीकडे जरा वर," असं उत्तर आलं.

बाईंच्या घरी मी सासऱ्यांबरोबर गेले. जिना चढून एक खोली, खिडकीपाशी शिवणयंत्र, खाली कापडाच्या चिंध्या. बाईंनी चष्मा लावून कागद अक्षर न अक्षर वाचला, घडी घातली आणि यंत्राच्या खणात ठेवला. मग समोर बसल्या.

"आता सांगा."

सासऱ्यांनी घसा साफ केला. "बोर्डावर घंटी वाजली. मी उचललं. म्हणाला, लागली रे लाइन. पाय वर घेऊन बस, तिथून हलू नकोस. मी आलोच." मग म्हणाले, "मी हललो नाही. दोन तास बसून राहिलो."

बाईंनी चष्मा काढून यंत्रावर ठेवला.

"आलोच म्हणाला?"

"हो."

"खोटारडा," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून आलोच म्हणायचा, आणि कधी वेळेवर यायचा नाही." पदराने डोळे पुसत त्या उठल्या, चहाचं आधण ठेवलं आणि तिथूनच, पाठमोऱ्या, म्हणाल्या, "परत एकदा सांग. तो बोलला तसंच सांग."

मला कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा न सांगणाऱ्या त्या माणसाने ती गोष्ट त्या दुपारी चार वेळा सांगितली.