पाण्याच्या दिवशीचं डोहाळजेवण

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी द्वारकाबाई देवघरासमोर दोन वाट्या पालथ्या घालत होत्या. टीव्ही सेंटरमागच्या त्यांच्या गल्लीत डोहाळजेवणाला हा खेळ ठरलेला: एका वाटीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पोटुशीनं एक वाटी उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. द्वारकाबाईंनी दोन्ही वाट्यांखाली केशरी पेढेच ठेवले. देवावर त्यांचा पूर्ण भरवसा होता, फक्त त्याच्या हातात काम सोपवायला त्या तयार नव्हत्या.

गेल्या वर्षी शेजारच्या दगडाबाईंच्या सुनेनं बर्फी उचलली होती. तेव्हा द्वारकाबाईंनी सगळ्यांदेखत दगडाबाईंच्या पाठीवर हात फिरवला होता. "असू द्या. दुसऱ्या खेपेला बघू." तो हात दगडाबाई विसरल्या नव्हत्या. लासूर स्टेशनहून लग्न होऊन आल्यापासून द्वारकाबाईंनी बऱ्याच पाठींवर असा हात फिरवला होता. आपल्या पाठीवर कुणाचा पडू नये, एवढंच आज सांभाळायचं होतं.

अडचण पाण्याची होती. गुरुजींनी दुपारी चारचा मुहूर्त काढला आणि आठवड्यातून एकदाच येणारं नळाचं पाणीही नेमकं त्याच दिवशी येणार होतं. गल्लीला पाणी सोडायचा व्हॉल फिरवणाऱ्या इलियासला द्वारकाबाईंनी आदल्या दिवशीच गाठलं होतं.

"इलियास, उद्या संध्याकाळी सहाच्या आत पाणी सोडू नको बाबा. माझ्या नातवाचा कार्यक्रम हाय."

"मौसी, नातू झाला?"

"व्हईल की."

"फिर होने दो. पानी क्या मेरे अब्बा की टंकी से आता है?" सायकलवर टांग टाकताना तो म्हणाला, "छे बजे के आसपास देखो."

'आसपास'ला द्वारकाबाईंनी वचन मानलं.

चार वाजता बायका आल्या. पिशोर गावाहून आलेली त्यांची सून कावेरी हिरवा शालू नेसून, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली. ओटी भरली, गाणी सुरू झाली, पण प्रत्येकीचा एक कान नळाकडं होता. दगडाबाई तर उकडतंय म्हणून दारातच बसल्या होत्या.

"उचल गं," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुला वाटंल ती उचल." इतकी मोकळीक त्यांनी सुनेला कधी दिली नव्हती.

कावेरीनं हात पुढं केला आणि अंगणातला नळ खाकरला.

"पाणी," कुणीतरी म्हणालं. अर्धं गाणं, कुंकवाचं ताट आणि पोटुशी जागच्या जागी सोडून बायका उठल्या. दगडाबाई सगळ्यांत पुढं. द्वारकाबाई उंबऱ्यात थबकल्या. दोन्ही घरांचे नळ एकाच पाइपावर. जिची मोटर आधी सुरू होई तिची टाकी भरे, दुसरीच्या नळातून नुसता वारा येई. शेजारची मोटर घरघरली. नातू यायला अजून दोन महिने होते. द्वारकाबाई धावल्या.

पाणी गेलं तेव्हा सगळ्या परतल्या, काठ भिजलेल्या, पदर खोचलेल्या. कावेरी तशीच बसली होती. एक वाटी उताणी, रिकामी. दुसरी पालथीच.

"काय निघालं गं?" दगडाबाईंनी विचारलं.

"बर्फी. भूक लागली हुती, खाऊन टाकली."

तिच्या ओठाच्या कडेला केशरी चुरा होता. त्याचा अर्थ एकट्या द्वारकाबाईंना कळला, आणि नेमकी त्यांनाच तो सांगायची सोय नव्हती.

"नीट बघितलंस का?" त्यांनी सुनेला विचारलं.

"पटत नसंल तर दुसरी उघडा, आत्या. तिच्यात पेढा असंल."

दगडाबाईंनी वाटी उचलली. पेढा होता. बायकांनी माना डोलावल्या. याहून पक्का पुरावा कुठला?

दगडाबाईंनी ओला हात द्वारकाबाईंच्या पाठीवर सावकाश, वरपासून खालपर्यंत फिरवला. "असू द्या. दुसऱ्या खेपेला बघू. पण निघालं ते वाटायचं असतं बरं का. आमची बर्फी?"

घरात पेढ्यांचे चार पुडे होते. बर्फीचा तुकडा नव्हता. तिची गरजच पडणार नव्हती.

"उद्या घरोघर पोचती करते," द्वारकाबाई पाठ न हलवता म्हणाल्या.

उद्या नळाला पाणी नाही, म्हणजे ती सबबही नाही. कोपऱ्यावरचं मिठाईचं दुकान साडेनऊला उघडतं.