वहिनीसाठी लिहून घेतलेलं पत्र

मोबाईलमधल्या एआयकडून काम कसं करून घ्यायचं, हे मी शिक्षकांना शिकवते. तशी मी नांदेडची साधी शाळामास्तरीण, पण ह्यातलं मला लवकर जमलं म्हणून तालुक्यातालुक्याला बोलावतात. लोह्याला जा, धर्माबादला जा, फळ्यावर मी पहिलं वाक्य एकच लिहिते : सगळं सांगा. तुम्ही कोण, कुणासाठी पाहिजे, काय घडलं, काय हवंय. कुणी नुसतंच 'पालकांना पत्र लिही' एवढं टाकलं की माझा पारा चढतो. "सर, त्याला काय स्वप्न पडणार आहे का? हातचं राखून विचाराल तर उत्तरही मोघमच येणार," असं मी सगळ्यांसमोर सुनावते. लोक हसतात. माझ्या जिभेला हाड नाही, हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालंय.

त्याच जिभेनं मी माझं माहेर तोडलं होतं.

माहेर निलंग्याचं. मी आठ वर्षांची असताना आई गेली आणि पुढच्याच वर्षी अण्णांचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, लग्न झालं. वहिनी आली तेव्हा एकोणीस-वीसची असेल. तिनं माझ्या वेण्या घातल्या, पहिली पाळी आली तेव्हा जवळ बसून समजावलं, डी.एड.ला लातूरला होते तेव्हा दर शनिवारी एसटीच्या कंडक्टरकडे डबा दिला. वहिनी म्हणून हाक मारायची, एवढंच. बाकी ती माझी आईच होती.

चार वर्षांपूर्वी भाचीचं लग्न झालं. आहेराला माझ्या हातात साडी पडली ती मांडवात आल्यागेल्या बायकांना वाटत होते तसलीच. घरची एकुलती एक नणंद मी. माझं डोकंच फिरलं. भर मांडवात, नवरदेवाकडच्या बायकांसमोर, ती साडी मी वहिनीच्या मांडीवर टाकली आणि म्हणाले, "ही तुझ्या भांडेवालीला दे." साडीची घडी विस्कटली होती, ती वहिनी नीट करत बसली. मी ह्यांना घेऊन न जेवता निघाले. त्यानंतर ना ती बोलली, ना मी. अण्णांचा एकदा फोन आला होता, तोही मी उचलला नाही.

यंदा उन्हाळ्यात भाचीचा फोन आला. वहिनीचं लिव्हर पार गेलं होतं. लातूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं.

"आत्या, आई सारखं तुझं नाव काढायलीय," ती म्हणाली. "पण पप्पा म्हणतात, आधी आत्यानं आईची माफी मागावी. मगच यावं."

फोन लावायची छाती होईना. कागद घेऊन बसले तर 'प्रिय वहिनी'च्या पुढं पेन सरकेना. मग सवयीनं मोबाईल उघडला. सांगायला लाज वाटते, पण मी अगदी फळ्यावर शिकवते तसं लिहिलं. मी पन्नाशीची शिक्षिका. पत्र आजारी वहिनीला, तिनं मला लहानाचं मोठं केलं. भाषा साधी, आमच्याकडची. दीडशे शब्द, रडगाणं नको. आणि काय घडलं, त्या जागी लिहिलं : लग्नात काही गैरसमज झाले.

त्यानं उलट मलाच विचारलं, नेमकं काय झालं होतं ते सांगाल का, म्हणजे पत्र मनापासूनचं वाटेल. मला राग आला. आता मोबाईलवर रागावायचं म्हणजे काय, पण आला. 'त्याची गरज नाही, गैरसमज एवढंच लिही,' म्हणून मी दामटलं. मग दुरुस्त्या सुरू. माफी जरा कमी कर. माझी चूक असं थेट म्हणू नको. दोन्हीकडून झालं असं सुचव. चौथ्या वेळेला पत्र असं उतरलं की वाचून माझेच डोळे भरून आले. ते भाचीला पाठवलं, आईला वाचून दाखव म्हणाले आणि दिवसभर फोनकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचा फोन आला.

"आई ऐकली का गं?" मी विचारलं.

"हाव, सगळं ऐकली. लई चांगलं लिवलंय म्हनली."

माझ्या जिवात जीव आला.

"मग म्हनली, कुणाला लिवलंय हे? तुलाच की गं, म्हनलं मी. ती नुसती मान हलवली न कूस बदलली."

घंटा झाली, मुलं वर्गात गेली, तरी मी खुर्चीवरून उठले नाही. पुन्हा मोबाईल उघडला आणि त्याच जागी लिहिलं, 'मी भर मांडवात वहिनीच्या अंगावर साडी टाकली. भांडेवालीला दे म्हणाले. ती मला आईच्या जागी आहे.' बटण दाबायला बोट गेलं आणि थांबलं. हे ह्याला सांगून काय उपयोग? मी ते पुसलं, रजेचा अर्ज टाकला आणि लातूरची एसटी धरली. तिथून निलंगा.

दिवेलागणीला पोचले. अण्णा दारातच बसले होते. मला बघून त्यांनी वाटेतले पाय आखडून घेतले. मी आत गेले.

वहिनी एवढीशी झाली होती. डोळे पिवळे, गळ्यातलं इष्टलिंगसुद्धा तिला पेलत नाही असं वाटत होतं. मी खाली बसले आणि एका दमात सांगून टाकलं. "वैनी, मी साडी तुझ्या अंगावर टाकली. सगळ्यांसमोर तुला भांडेवालीवरून बोलले. गैरसमज-बिरसमज काही नव्हता, माझं चुकलं."

तिनं वर पत्र्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुझी येगळी घेतली होती. मोरपंखी. ऐन टायमाला नवरदेवाची एक मावशी आली, तिला द्यायला साडी न्हवती, तुझीच दिली. म्हनलं, तू घरची हायस. तुला मागून सांगू." एवढ्यानंच तिला धाप लागली. ती ओसरल्यावर म्हणाली, "न तू जेवली बी न्हाईस त्या दिवशी."

मी तिचा हात धरून बसले. तिचा डोळा लागला.

चौथ्या दिवशी ती गेली. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. शेतात बसवून तिला माती दिली, मीही मूठभर टाकली. मोरपंखी साडीचं मला काही नाही. पण 'वहिनी, असं का केलंस गं?' एवढं एक मी चार वर्षांत तिला विचारलं नाही. त्या दिवशीसुद्धा मी विचारलं नव्हतंच. धाप लागत असताना तिनंच आपणहून सांगितलं.