पाहुण्यांच्या पसंतीची चाकं

पंक्चर बघायच्या पाण्यात थुंकणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. शिरूरला बायपासच्या कडेला माझं टायरचं दुकान आहे. दारात अर्ध्यातून कापलेलं पिंप आहे, त्यात पाणी. ट्यूब बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. दिवसभर माझे हात त्याच पाण्यात असतात. माझ्या धाकट्या बहिणीचे होणारे सासरे दुकान बघायला म्हणून आले, इकडंतिकडं मान फिरवली आणि गुटख्याची लाल पिचकारी सरळ त्या पिंपात सोडली. मग तोंड पुसत म्हणाले, "धंदा बरा चाललाय तुमचा." मी हसलो. मुलीकडची माणसं हसतातच. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

ते आले होते चाकांचं सांगायला.

स्थळ आमच्या मामांनी आणलं होतं. आम्ही निमोण्याचे, मुलगा दौंडचा. रेल्वेत पक्की नोकरी, कॉलनीत क्वार्टर. रेल्वे म्हटल्यावर आमच्याकडं पुढचं कुणी विचारत नाही. बैठकीत त्यांच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "आमची एका रुपयाची अपेक्षा न्हाई. नारळ आन् मुलगी द्या." हे वाक्य आमच्या भागात प्रत्येक बैठकीत म्हटलं जातं आणि प्रत्येक वेळी सगळे माना डोलावतात. सुपारी फुटली, पेढे वाटले, आणि आठवडा उलटायच्या आत मामांचा फोन आला की पोराला गाडीची हौस हाय. हुंडा हा शब्द आता कुणी तोंडातून काढत नाही, कायदा सगळ्यांना पाठ आहे. हौस म्हणतात.

हौस होती जुन्या धाटणीच्या मोटरसायकलची. गोल दिवा, फुगीर टाकी, धडधड आवाज. दिसायला आजोबांच्या काळातली आणि चालू व्हायला बटणावर. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कुरकुर न करता बुक केली. गाडी आली तेव्हा मला आवडली, हे खरं सांगतो. हिरव्या रंगाची होती, अंगानं नीटस होती, मागं दोन माणसं सुखानं बसतील असं लांब सीट होतं. बहिणीनं तिच्या पगारातून त्या टाकीच्याच रंगाचं हेल्मेट आणलं. ती रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दोघांचं फोनवर बोलणं चालू होतं आणि लग्नानंतर पहिल्यांदा गाडीवरून वढूला समाधीच्या दर्शनाला जायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. ती ते हेल्मेट घरात घालून फिरायची. आई म्हणायची, अगं भात खाताना तरी काढ.

आणि मग सासरे दुकानात येऊन थुंकून गेले. कंपनीची चाकं सगळ्यांच्याच गाडीला असतात, पोराला वेगळी पाहिजेत. घरचंच दुकान असल्यावर अडचण काय. गाडी हार घालून मांडवाच्या दारात उभी राहणार, माईकवर नाव पुकारणार, चार माणसं बघणार, तर चाकं उठून दिसायला नकोत का?

त्या दिवसापासून माझ्या फोनवर मुलाकडून फोटो यायला लागले. काळ्या रिमा. मग काळ्या नकोत, सोनेरी. मग परत काळ्या, पण स्पोकच्या तारा जाड. पुढं जाड नक्षीचा टायर आणि मागं असा रुंद, की मला आधी वाटलं चुकून छोट्या ट्रॅक्टरचा फोटो आलाय. प्रत्येक फोटोखाली जोडलेले हात आणि 'दादा प्लीज'. मी टायर विकूनच पोट भरतो, तरी मला या फॅशनचा वीट आलाय. चांगली वळणारी गाडी घ्यायची, तिच्या पायात मापाबाहेरचे जोडे घालायचे, मग वळणावर ती ऐकत नाही म्हणून माझ्याकडंच येऊन तक्रार करायची. असल्या गिऱ्हाइकाला मी दोनदा समजावतो आणि तिसऱ्यांदा बसवून देतो. हा गिऱ्हाईक नव्हता. याला एकदाही समजावता येत नव्हतं.

चाकं पुण्याहून बनवून आली. बहिणीच्या सुट्टीच्या दिवशी मी गाडी स्टँडवर घेतली. ती डबा घेऊन आली होती, थांबली. मी मागचं चाक काढलं, नव्या रिमवर टायर चढवायला घेतला. असला कडक टायर टॉमीच्या लोखंडी पट्टीनं ओढताना हाताची सालं निघतात. साबणाचं पाणी लावलं तरी तो बसेना. कोऱ्या रबराचा उग्र वास मला एरवी आवडतो, त्या दिवशी नकोसा झाला. ती बाजूच्या स्टुलावर बसून मला पाने देत होती आणि वढूला जाताना वाटेत कुठं मिसळ चांगली मिळते ते विचारत होती.

चाक बसलं. चेनच्या बाजूला बोटभर जागा उरली, तिथं भागलं असतं. पण वर मडगार्डाच्या आत टायर पार टेकायला आला होता. रिकामी गाडी फिरवली तर घासत नव्हतं. माणूस बसल्यावर गाडी दबते, तेव्हा काय होईल ते बघायचं होतं. मी हँडल धरून बसलो आणि तिला म्हटलं, बस जरा मागं. तिनं हेल्मेट घातलं आणि बसली, अगदी ऐटीत. मी गाडी पुढं ढकलली. घर्रर्र करून टायर मडगार्डाला लागला आणि चाक जागच्या जागी अडकलं. ती उतरली, मी परत ढकलली, गाडी सरळ गेली. ती बसली, परत घर्रर्र.

"मी जाड झालेय का रं दादा?" ती म्हणाली. आम्ही दोघंही हसलो.

मी मुलाला फोन लावला. हात काळे होते म्हणून स्पीकरवर टाकला आणि फोन सीटवर ठेवला. ती अजून गाडीवरच बसलेली.

"पाहुणं, मागचा टायर एक नंबर लहान घ्यावा लागंल. मागं कुणी बसलं की घासतोय."

"लहान नको दादा. सगळा लुक जातो."

"अहो पण मागं माणूस बसल्यावर चाक फिरतच न्हाई."

"मग मागचं सीट काढून टाका ना. सिंगल सीट लावा, मी फोटो पाठवतो. तसंपण ते लांब सीट म्हाताऱ्यांच्या गाडीसारखं दिसतंय. मागं कोण बसणार हाय?"

बहिणीनं हेल्मेट काढलं, मांडीवर ठेवलं आणि फोनकडं वाकून विचारलं, "मग मी कशावर बसायचं?"

पलीकडं जरा गडबड झाली. मग तो हसला. "अगं, तू ऐकतीस व्हय? तुला स्कूटी घेतील की आप्पा. त्यात काय एवढं."

रागावलाही नव्हता तो. लाजलाही नव्हता. सुटसुटीत तोडगा सापडल्यासारखा बोलला, हेच मला सगळ्यात घाण वाटलं. बापाच्या थुंकीची जी किळस आली होती ती याच्यापुढं काहीच नव्हती. पिंपातलं पाणी मी ओतून टाकलं होतं, पिंप घासून घेतलं होतं. हे कशानं घासायचं?

तिनं फोन बंद केला. गाडीवरून उतरली आणि पाना उचलून माझ्या हातात दिला. "जुनी चाकं परत बसव."

मी बसवली. ती शेजारी उभी राहिली, पण पुढचे पाने काही तिनं दिले नाहीत.

घरी जे व्हायचं ते झालं. मामा रातोरात, अंगावरच्या कपड्यानिशी निमोण्याला आले. "टायरवरून लग्न मोडतंय का कुणी? सोन्यासारखं स्थळ. लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील ते मामांनी पुढं स्वतःच गावभर सांगितलं, की पोरीचंच कुठंतरी असंल. आई रडली. मग आप्पांनी तिला विचारलं, "तुला न्हाई जायचं ना?" ती नाही म्हणाली. "मग झालं," आप्पा म्हणाले आणि गोठ्याकडं निघून गेले. मामा त्यांच्या पाठीमागं बोलतच राहिले.

हिरवी गाडी घरातच राहिली. आप्पा आईला मागं बसवून बाजारला नेतात. आई एका बाजूला पाय सोडून बसते आणि ते लांब सीट तिला पुरतं. नवी चाकं मी दुकानाच्या भिंतीला वर टांगली. येणारी पोरं माना वर करून बघतात, भाव विचारतात. मी विकायची नाहीत म्हणतो. का विकत नाही ते मला नीट सांगता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या गाडीला ती लागलेली मला बघवणार नाहीत, एवढंच.

दिवाळीनंतर मामांचा फोन आला. बहीण तेव्हा दुकानात बसली होती. मामांनी घरची विचारपूस केली नाही, तिची तर नाहीच. म्हणाले, "दौंडच्या पोराचं दुसरीकडं जमलंय. मीच जमवलं. मुलीकडचे लोकपण तसलीच गाडी देत्यात. मग म्हणलं तुझ्याकडं ती चाकं पडूनच असतील. त्याच्या पसंतीची हायेत, दुसऱ्याला काय उपेग?"

माझ्या तोंडात शिवी आली. त्या माणसाच्या मांडीवर बसून मी लहानपणी जेवलोय, म्हणून ती गिळली. बहिणीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "मामा, चाकं हायेत की. पण गाडीचं एकदा विचारून घेतलेलं बरं. त्या मुलीचा नंबर असंल ना तुमच्याकडं?"

"पोरीचा कशाला? तिच्या बापाचा देतो."

"बापाला कशाला तरास? सुट्टीच्या दिवशी मी मोकळीच असते, आम्ही पोरीपोरी बोलून घेऊ."

मामा खूश झाले. पोरगी ताळ्यावर आली असं त्यांना वाटलं असणार. बायोडाटावरचा नंबर लगेच पाठवला.

तिनं तिथंच, पिंपाच्या कडेला उभं राहून फोन लावला. स्पीकर चालू होता. "तुम्ही मला ओळखत न्हाई," ती म्हणाली. "मी शिरूरहून बोलतेय. लग्नात जी गाडी देणार हायेत, तिला मागचं सीट ठेवणार हायेत का, तेवढं एकदा विचारून बघा."

"न्हाई ठेवणार," पलीकडून लगेच उत्तर आलं. आवाज अगदी कोवळा होता. "मागं कुणी बसलं की टायर घासंल म्हणं. म्हणून तर माझ्या पप्पांनी मला येगळी स्कूटी बुक केलीय."

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. मग हळू विचारलं, "आन् तू काय म्हणालीस?"

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, तिच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. ट्रॉली लांब गेल्यावर ती मुलगी म्हणाली, "मला कुणी विचारलंच न्हाई. तुम्हीच पहिल्या."