सूज उतरली की नाना घाटात

बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे बैल पळवायच्या चढाच्या धावपट्टीवर, आमचे नाना एका हातात माईक धरायचे आणि दुसऱ्या हाताचा तळवा डाव्या गालावर दाबून ठेवायचे. आम्हाला ती स्टाईल वाटायची! डिंगोरे गावातली आम्ही सगळी पोरं गालावर हात ठेवून नानांसारखं पुकारायचो. नाना माझे शेजारी. जुन्नर-आंबेगावात जत्रा कुठलीही असो, माईकवर नानाच. "आली आली आली! पावणं, मागं सरा, बैलाला ब्रेक नसतोय!" अख्खा घाट हसायचा.

पण राव, ती स्टाईल नव्हतीच. गाल ठणकायचा त्यांचा.

मंचरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच गाडीवर घेऊन गेलो. त्यांनी एक्सरे दाखवला. मेलेल्या दाढेच्या मुळाशी, जबड्याच्या हाडातच, पाण्याची पिशवी. "नाना, हिला वर्षानुवर्षं सूज येतीय. त्यानं आतलं अस्तर बदलत जातं. बहुतेकदा साधंच निघतं, पण क्वचित वाईट वळण लागतं. काढून तपासायलाच पाहिजे."

"म्याडम, चैत आलाय. तोंड शिवलं तर घाटात काय शिट्टी फुंकू?"

बाई हसल्या नाहीत. तात्पुरत्या म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली आणि नाना खूश! "बघ, गेलं का न्हाई? लई घाबरावती ती बाई." मग दर जत्रेआधी तीच चिठ्ठी दाखवून मी त्याच गोळ्या आणायचो. तीन वर्षं. मलाही भारी वाटायचं, नाना पुकारणार म्हणून.

चौथ्या वर्षी सूज उतरलीच नाही. खालचा ओठ बधिर झाला. पुण्यात पिशवी काढून तपासली, तर अस्तराचा कॅन्सर झालेला. डावीकडचा जबडा काढला, जिभेचाही तुकडा गेला.

पुढच्या चैत्रात नानांनी खुणेनंच हट्ट धरला, म्हणून राजुरीच्या घाटात नेलं. बैल सुटले आणि नानांना राहवेना. कठड्याशी जाऊन ओरडले. नुसतं "आ... आ..." आणि मफलरवर लाळ.

माईकवर बाहेरगावचा नवा माणूस होता. "ओ, त्या मफलरवाल्या काकांना बाजूला घ्या रे कुणीतरी, मधी येत्यात!"

लोक हसले. नाना हात जोडून लगेच बाजूला झाले. मी शेजारीच उभा होतो. हे कोण आहेत ते ओरडून सांगायचं होतं मला. नाही सांगितलं.

घरी येताना मी गाडी चालवत रडत होतो, आणि मागं बसलेले नाना माझी पाठ थोपटत होते. दिवाळीआधी गेले.