सरांनी लिहून दिलेली साक्ष

"ही साडी नको," चर्चचे सेक्रेटरी सर माझ्या आईला म्हणाले. "नवी कशाला नेसून आलीस? पाहुण्यांना दिसायला पाहिजे ना, कुठून उचललं तुम्हाला."

चर्चच्या मागची खोली. आईच्या अंगावर अबोली रंगाची साडी, नाताळसाठी घेतलेली. राजेंद्र नगरच्या पलीकडं आमची वस्ती. आई तिथवर पायी गेली, झाडलोटीची विटकी साडी नेसून परत आली. मी अकरा वर्षांची होते. माझ्या रिबिनीही सरांच्या बायकोनं सोडवल्या.

सरांचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आजोबा पाळक होते. चर्चचा कारभार त्यांच्याच घरात. आम्ही नवे. बाबा वारले, त्यानंतर आईनं बाप्तिस्मा घेतला, माझाही करवला. चर्चमध्ये झाडूपोछा करायला लागली.

सरांनी मला एक साक्ष लिहून दिली होती, म्हणजे देवानं आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगायचं. आठवडाभर पाठ करून घेतली. बाहेरदेशाचे पाहुणे आलेले. मी एक वाक्य बोलायचं, सर त्याचं इंग्रजी करणार.

"आम्ही घाण होतो. उकिरड्यातले किडे होतो. माझी आई जनावरासारखी जगत होती. प्रभूनं आम्हाला धुतलं."

सरांनी खूण केली. आई पुढं आली, माझ्याशेजारी मान खाली घालून उभी राहिली. तसं शिकवलं होतं तिला. एक पाहुणी बाई रडली. टाळ्या. सरांच्या बायकोनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, फोटो निघाला. मग ती मागच्या नळावर गेली आणि साबणानं हात धुतले. मी बघत होते. तिनंही मला बघितलं. हात धुणं थांबवलं नाही.

त्यानंतर दर नाताळला मीच. कागद तोच.

दुसऱ्यानं म्हटलं की चीड येते. सहा वर्षं माइकवर आपणच म्हटलं की ते खरं वाटायला लागतं. मला वाटायला लागलं. शाळेत मैत्रिणींच्या डब्याला मी हात लावायची नाही. कुणी मना केलं नव्हतं. मीच हात मागं घ्यायची. प्रार्थनेत म्हणायची, प्रभू, मी किडा आहे. यालाच मी भक्ती समजत होते.

माझे मामा महूला राहतात. बौद्ध आहेत. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना कुणीतरी त्यांना माझ्या साक्षीचा व्हिडिओ दाखवला. ते घरी आले. आई कामावर गेलेली.

"तुझा देव तुझा, बेटा. मला त्याच्यात काही बोलायचं नाही," मामा म्हणाले. "पण माझ्या बहिणीला जनावर कोण म्हणालं? देव, का ते सर?"

मला मामांचा राग आला. दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी मी आईला विचारलं, आपण ख्रिस्ती का झालो?

आई पीठ मळत होती. सांगायला लागली. बाबा ठेकेदाराकडं गटाराच्या चेंबरमध्ये उतरायचे. एकदा छातीत गॅस गेला, चार महिने खाटेवर होते. नातलग दारातूनच विचारून जायचे. तेव्हाचे म्हातारे पाळक मात्र बाबा जाईपर्यंत रोज यायचे. बाबांची उलटी पुसायचे. आमच्याच ताटात भाकरी खायचे.

"मी विचारलं, पाळकसाब, तुम्हाला चालतं?" आई म्हणाली. "तर म्हणाले, बाई, देवानं तुला त्याच्यासारखं बनवलंय, मी कोण नाही म्हणणारा? बस. त्या दिवशी मी त्या देवाची झाले."

"मग हे तू चर्चमध्ये कधी का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं नाही. कागद आधीच लिहिलेला असायचा."

ती पुन्हा पीठ मळायला लागली. माझ्या आईकडं स्वतःची साक्ष होती. ती माणसाची होती. ती काढून तिच्या जागी किडा ठेवला होता, आणि तो किडा मी सहा वर्षं माझ्या तोंडानं वाचला होता.

शिक्षण झालं. विजय नगरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. मग चर्चचा मोठा वर्धापनदिन आला, पुन्हा पाहुणे आले. सरांनी टाइप केलेला कागद पाठवला. जुनाच मजकूर, शेवटी नवी ओळ. आज मी नर्स आहे ती या चर्चच्या मंडळीच्या दयेनं.

मी म्हटलं, "सर, मी आपलं बोलेन."

"आपलं मतलब?" सर हसले. "तुझं आपलं काय आहे?"

मी माइकसमोर उभी राहिले.

"आम्ही घाण नव्हतो. माझा बाप तुमच्या कॉलन्यांच्या चेंबरमध्ये उतरायचा. घाण तुमची होती. तो ती काढत होता. त्यातच मेला. देवानं आम्हाला माणूसच बनवलं होतं. माझी आई कधीच जनावर नव्हती."

सर शांतपणे पाहुण्यांकडं वळले. इंग्रजीत म्हणाले, ही मुलगी मंडळीचे आभार मानते आहे.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला इंग्रजी येतं हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मी तेच सगळं इंग्रजीत सांगितलं. मोडकंतोडकं, दवाखान्यातलं. टाळ्या थांबल्या. सरांची बायको पहिल्या बाकावरून मराठीत म्हणाली, "शेवटी जात दाखवलीच."

सोमवारी आईला कामावरून काढलं. निरोप आला, मुलीनं माफीनामा लिहावा, मग बघू. आई न सांगता सरांच्या बंगल्यावर गेली पाया पडायला. तिला फाटकाबाहेरच दोन तास उभं ठेवलं. सर बाहेर आले नाहीत. घरी येऊन ती मला म्हणाली, "लिहून दे. आपण त्यांच्यामुळं आहोत." मी नाही म्हटलं. तिनं माझ्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

आता ती चर्चला येत नाही. माझ्याशीही कामापुरतंच बोलते. तिला मी दुखावलं, ते माझ्यावर आहे. मी ते नाकारत नाही.

मी दर रविवारी जाते. पुढून दुसऱ्या बाकावर बसते. माझ्या बाकावर कुणी येत नाही. नवे पाळक गेल्या रविवारी वाकून म्हणाले, "सिस्टर, थोडं मागं बसा. सगळ्यांना बरं पडेल."

"मला इथं बरं पडतं," मी म्हटलं.

लोक सांगतात, दुसरं चर्च बघ. का बघू? ज्या देवाची माझी आई झाली, तो इथलाच. गुडघे मी टेकते, त्याच्यासमोर. माफीनामा लिहिणार नाही. मागं बसणार नाही. मला बाहेर घालवायचं असेल तर हाताला धरून घालवावं लागेल. त्यासाठी त्यांना मला शिवावं लागेल.