पिरिहिरा मध्येच थांबली

तुमच्याकडे गाणारी बाई श्वास घ्यायला थांबली, तर लोक दचकून दाराकडे बघतात का? आम्ही न्यूझीलंडचे माओरी बघतो. पूर्वजांचं शोकगीत मध्येच तुटलं की घरातलं माणूस जातं. हसायचं तर खुशाल हसा. जमिनीच्या हक्काच्या मोर्चात पोलिसांच्या कुत्र्यांपुढे मी तसूभर हलले नव्हते, पण त्या दुपारी आमच्या सभाघरात मीही दचकून दाराकडे बघितलं.

पिरिहिरा माझी चुलतबहीण. शाळेची बस चालवते आणि सोल गाते, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ते आर्त गाणं, असं की दगडाला घाम फुटावा. त्या दिवशी तिनं पणजीचं शोकगीत बास गिटारवर घेतलं. तिसऱ्या ओळीत थांबली. सोलवाले थांबतात तशी, मुद्दाम. पोरांनी शिट्ट्या मारल्या. म्हाताऱ्या पांढऱ्याफटक.

"तोडलंस," आमची सगळ्यांत थोरली आजी, कुई रोका, म्हणाली.

"कुई, तशीच चाल आहे गं ती."

"चाल? भाऊ कुठाय तुझा?"

तिचा भाऊ पारातेने शेवंड धरायला समुद्रात गेला होता. सकाळीच परतायचा, तो अजून आला नव्हता. फोन लागेना. वारा दक्षिणेचा, वाईट.

आम्ही सगळ्या धक्क्यावर धावलो. पिरिहिराचे दात वाजत होते. "पुन्हा अख्खं म्हणते," म्हणाली आणि सुरू झाली. रडणारीला श्वास कुठून पुरणार? तिसऱ्या ओळीलाच आवाज चिरकला.

"म्हातारे, बघत काय बसलीस? पोरीचा जीव घेतेस का?" मी कुईवर ओरडले.

"तोंड आवर. मोर्चा नाही हा."

आणि पिरिहिराचा सूर विझायच्या आत कुईनं तो आपल्या घशात घेतला. एकीचा श्वास संपला की दुसरीचा. आमच्यात हे गीत एकट्यानं गायचं नसतंच. तेच आम्ही विसरलो होतो.

संध्याकाळी दुसऱ्या बोटीनं पारातेनेची बोट ओढून आणली.

"इंजिन मेलं! तुम्ही कुणासाठी रडताय?" तो बोटीतूनच ओरडला.

पिरिहिरानं आधी मिठी मारली, मग थोबाडीत दिली.

तो गाण्यानं आला की दोरानं, मला विचारू नका. भीती काही गेली नाही. पिरिहिरा अजून तिथंच थांबते, हट्टी, आमच्याच रक्ताची. पण ती गप्प होते तेव्हा खालच्या सुरात कुईचा हुंकार चालू असतो. अंगावर काटा येतो. हल्ली कुई खोकते. तिला ढास लागली की मी आधी पारातेनेला फोन लावते.

म्हणून सांगते. ऐकायला या. पिरिहिरा थांबेल आणि खालचा हुंकार आला नाही, तर टाळ्या वाजवू नका. बेसूर असलात तरी चालेल, तेवढा सूर धरा.